पक्केसाहेबांनी पिळलेला स्क्रू

सैल गोष्टींशी पक्केसाहेबांचं जुनं वैर होतं. कपाटाची बिजागरी, कढईचा कान, चष्म्याची दांडी, नळाची चावी, यांतलं काही जरा जरी हललं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. रविवारी सकाळी लोक पेपर वाचतात. पक्केसाहेब हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन घरभर हिंडत आणि जे जे फिरतं ते ते फिरेनासं होईपर्यंत फिरवत. त्यामुळे त्यांच्या घरात काही निखळून पडत नसे आणि काही उघडतही नसे. साखरेच्या डब्याचं झाकण त्यांनी लावलं, की तो उघडून घ्यायला बायकोला खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागे. डॉक्टरीणबाईंच्या मनगटात दाढा उपटून उपटून चांगला जोर आला होता, आणि डबा उघडून देताना त्या चिमूटभर साखर तोंडात टाकत. दातांच्या डॉक्टरनं असं करावं का, हा वेगळा विषय आहे.

पक्के हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीखात्याच्या नोंद विभागात ते मुख्य लिपिक होते, आणि खिडकीतून आलेला अर्ज परत करताना "आधी हे पक्कं करून आणा" असं म्हणत. सव्वीस वर्षं रोज हेच वाक्य म्हटल्यावर माणसाला ते चिकटायचंच. त्यांना स्वतःला ते नाव मनातून आवडत होतं, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

या घरात त्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या तावडीतून सुटलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे लेकीची बास गिटार. चार जाड तारांचं, लांब मानेचं आणि चांगल्या पाच किलो वजनाचं ते धूड लेकीनं पहिल्या पगारात घेतलं, तेव्हा पक्केसाहेबांनी फक्त "दुकानदार परत घेतो का?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून लेकीनं तो विषय त्यांच्यापुरता मिटवून टाकला. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. तिथं तिच्या वाट्याला आलेल्या खोलीत अंथरूण घातलं की दार उघडत नसे, त्यामुळे गिटार राहिली इकडे, आतल्या खोलीतल्या कपाटात. कॉलेजातल्या जुन्या दोस्तांबरोबर ती महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये वाजवायची, आणि त्यासाठी महिन्यातून एकदा घरी यायची.

ती आईबापांना भेटायला येते की गिटारला, हा प्रश्न नवराबायकोंनी एकमेकांना कधी विचारला नव्हता. काही प्रश्न फाईलमध्ये ठेवलेलेच बरे असतात. पण हल्ली तिकडच्या एका चमूनंही तिला वाजवायला बोलावलं होतं, आणि तिथल्या एका मैत्रिणीच्या घरी गिटार ठेवण्यापुरती जागाही होती. "बघू," असं लेक म्हणाली होती. त्या 'बघू'नं पक्केसाहेबांची झोप महिनाभर पातळ झाली होती. कपाटातली गिटार गेली की दर महिन्याचं येणंही जाणार, हा हिशेब कळायला मुख्य लिपिक असण्याची गरज नव्हती.

बुधवारी लेकीचा फोन आला. "बाबा, मी शनिवारी सकाळी पोचते, संध्याकाळी कार्यक्रम आहे. तेवढी गिटार पिशवीतून काढून ठेवाल? बाकी काही करू नका."

तिनं आईला न सांगता त्यांना सांगितलं, याचा पक्केसाहेबांना इतका आनंद झाला की शेवटचं वाक्य त्यांच्या कानांवरून घरंगळून गेलं.

गुरुवारी ऑफिसातून आल्याबरोबर त्यांनी गिटार काढली, पलंगावर आडवी ठेवली आणि मऊ फडक्यानं पुसायला घेतली. पुसता पुसता बोट खालच्या टोकाशी गेलं. गळ्यात अडकवायचा पट्टा जिथं अडकतो ते पितळी बटण तिथं होतं, एका स्क्रूनं बसवलेलं. ते बटण हललं. फार नाही, एक केसभर. कार्यक्रमात हेच बटण सुटलं तर पाच किलोचं लाकूड लेकीच्या पायावर येईल, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला.

पहिल्या अर्ध्या फेऱ्यात बटण घट्ट बसलं. इथं दुसरा कुणी थांबला असता. पण घट्ट आणि पक्कं यांत फरक असतो अशी पक्केसाहेबांची श्रद्धा होती, म्हणून त्यांनी आणखी एक अर्धा फेरा दिला. स्क्रू कुरकुरला. कुरकुर म्हणजे काम नीट होत असल्याची खूण, असा त्यांचा खिडकीवरचा अनुभव. त्यांनी गुडघ्यानं गिटार दाबली, दात आवळले आणि शेवटचा फेरा दिला. आत कुठंतरी अगदी बारीक, ओलसर असा 'कच्' आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हर हातात एकदम हलका झाला. स्क्रू फिरत होता, फिरतच होता, पण आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. लाकडातले आटे गेले होते.

"तिला फोन करा," बायको दारातून म्हणाली. तिनं सगळं पाहिलं होतं. बायका नेमक्या अशा वेळी दारात असतात.

"कशाला? एवढ्याशा भोकासाठी?" पक्केसाहेब म्हणाले. "ती यायच्या आत करतो मी. तिला कळणारसुद्धा नाही."

"तेच म्हणतेय मी, कळू द्या."

पण पक्केसाहेब तोवर जिना चढून वरच्या मजल्यावर पोचले होते. तिथं निवृत्त इंजिनिअर राहत. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि आता पूल नसल्यामुळे ते सल्ले देत. त्यांनी खाली येऊन तो फिरता स्क्रू ओढून काढला, भोकात काडी घालून पाहिली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "भार जास्त, पकड कमी. जाड आणि लांब स्क्रू घाला, प्रश्न मिटला. माझ्या एकाही पुलाचा बोल्ट अजून हललेला नाही."

"पण हे लाकूड आहे."

"नियम तोच असतो हो," पूलवाले म्हणाले.

शुक्रवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानदारानं "एक स्क्रू विकत नाही, पाकीट घ्या" म्हणून शंभर स्क्रूंचं पाकीट गळ्यात मारलं. त्यातला एक पक्केसाहेबांनी पूलवाल्यांच्या देखरेखीखाली पिळायला घेतला. निम्मा गेला आणि बटणाच्या बाजूला चकचकीत काळ्या रंगावर एक चीर उमटली. नखाएवढी लांब, केसाएवढी बारीक. पूलवाल्यांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली आणि, "हं, लाकूड आहे खरं," असं म्हणून ते गोळ्या घ्यायला वर गेले.

पक्केसाहेबांनी तो स्क्रू उलटा फिरवून काढला आणि ते पलंगावर बसले. इतक्या वर्षांत त्यांनी कुठली वस्तू मोडली नव्हती. आज मोडली ती नेमकी जी त्यांची नव्हती. त्यांना वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाजही वाटली. मग त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी आधी 'वाद्य' लिहिलं, ते खोडलं आणि 'कौटुंबिक' असं लिहिलं.

वाद्यांच्या मोठ्या दुकानात मागच्या बाजूला दुरुस्तीची खिडकी होती. गिटारची पिशवी पाठीला लावून पक्केसाहेब रस्त्यानं गेले तेव्हा ऑफिसातल्या शिपायानं त्यांना पाहिलं आणि आदरानं रस्ता ओलांडला. खिडकीतल्या माणसानं भोक पाहिलं, चीर पाहिली आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"मालक कोण?"

"माझी मुलगी."

"त्या आल्यात?"

"नाही. मी वडील आहे तिचा."

"मग त्यांचं अधिकारपत्र लागेल."

"अहो, वडील आहे म्हणतोय ना!"

"वडील आहात, पण वस्तू त्यांची आहे ना, काका? उद्या त्या म्हणाल्या की मी सांगितलंच नव्हतं, तर मी काय उत्तर देऊ?"

हा युक्तिवाद पक्केसाहेबांचाच होता. हेच वाक्य त्यांनी म्हाताऱ्या आयांना, भावांना, नव्या जावयांना काचेच्या आतून हजार वेळा ऐकवलं होतं. काचेच्या बाहेरून ते इतकं कडू लागतं हे त्यांना आज कळलं. त्यांना काही चेहरे आठवले, आणि आठवायला नको होते असं वाटलं.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. "फोनवर हो म्हणाल्या तरी मी लिहून घेतो. लावा फोन," तो म्हणाला.

पक्केसाहेबांनी फोन काढला, लेकीचं नाव शोधलं आणि फोन परत खिशात ठेवला. "ती आत्ता कामात असेल."

"मग संध्याकाळी या."

"संध्याकाळीही असेल."

त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं. पावती हरवलेल्या माणसाकडे पक्केसाहेब स्वतः तसंच पाहत असत. त्यांनी पिशवी पाठीला लावली आणि घरची वाट धरली.

जिन्यात डॉक्टरीणबाई भेटल्या. बायकोनं त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "आणा इकडे," त्या म्हणाल्या आणि गिटार सरळ दवाखान्यातल्या खुर्चीत टेकवून वरचा दिवा लावला. बाकावर गाल सुजलेला एक पेशंट बसला होता. त्याचा नंबर आधी होता, पण इंजेक्शन भिनायला वेळ असल्यामुळे त्यानं उदार मनानं गिटारला पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरीणबाईंनी आकडा घालून भोक कुरतडलं आणि विचारलं, "हे आधी कुणी भरलं होतं?"

"वरच्यांनी सांगितलं म्हणून मी..."

"वाटलंच. भोक मोठं झालं म्हणून स्क्रू मोठा करत सुटायचं नसतं. आधी खराब झालेलं सगळं काढायचं, मग चांगलं लाकूड भरायचं आणि मग थांबायचं. पहिल्या दोन गोष्टी कुणीही करतं. थांबायचं कुणाला जमत नाही."

भरायला टणक, गोल लाकूड हवं होतं. काडेपेटीच्या काड्या बाईंना पसंत पडल्या नाहीत. इतक्यात पक्केसाहेब उठले, घरी जाऊन आले आणि त्यांनी खिशातून एक जुना रबरी शिक्का काढला. 'नोंद झाली' असं लिहिलेला. रबर झिजलं तेव्हा खात्यानं नवा दिला होता आणि हा त्यांनी घरी जपून ठेवला होता. त्याची मूठ चांगल्या जुन्या लाकडाची होती, वर्षानुवर्षं तळहातात घासून गुळगुळीत झालेली.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"कापा," पक्केसाहेब म्हणाले. आवाज थोडा चिरकला, पण बाई करवत शोधत होत्या, त्यामुळे तो फक्त पेशंटनं ऐकला.

पूलवाले पश्चात्तापानं स्वतःचं हातानं फिरवायचं गिरमिट घेऊन खाली आले. त्यांनी भोक गोल करून दिलं. बाईंनी मूठ तासून खुंटी केली, तिला सुतारी गोंद लावला, भोकात ठोकली आणि चिरेतही सुईनं गोंद सोडला. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते. "चोवीस तास यावर काही चावायचं नाही," त्या सवयीनं म्हणाल्या. म्हणजे उद्या संध्याकाळी सात, आणि कार्यक्रम साडेसातला.

शनिवारी सकाळी लेक आली. तिला कसं सांगायचं याचा मसुदा पक्केसाहेबांनी मनात तयार केला होता. त्यात 'अनवधानानं' हा शब्द दोनदा येत होता. पण ती पिशवी खाली ठेवून हसत "काढून ठेवलीत का?" म्हणाली, तेव्हा मसुदा जागच्या जागी विरून गेला. "मी तुझी गिटार मोडली," ते म्हणाले.

तिनं पाहिलं. खुंटीचा पिवळा गोल टिळा पाहिला, चिरेवरून बोट फिरवलं. "कधी?"

"गुरुवारी."

"आणि मला आज सांगताय?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर पक्केसाहेबांना बरं वाटलं असतं. "स्क्रूचं काही नाही हो बाबा, तो माझ्या हातूनही गेला असता. पण गुरुवारी कळलं असतं तर मी दुसरी गिटार मागून ठेवली असती. आता आयत्या वेळी कुणाकडे मागू?"

"मला वाटलं, तू यायच्या आत होईल."

"आणि मला कळलंच नसतं?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. "हो," पक्केसाहेब म्हणाले. "तसंच ठरवलं होतं."

"स्टेजवर सुटलं असतं तर? एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

"तुला कळलं असतं, तर तू ही इथं ठेवली नसतीस."

"गिटार?"

"हो, गिटार. म्हणजे ती नसली, की मग..."

"की मग तू येणार नाहीस, असं म्हणायचंय त्यांना," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "अर्ज अर्धवट राहिला होता, मी पुरा केला."

लेकीनं चार फोन केले, चारही ठिकाणी नकार आला, आणि मग ती दुपारभर खुंटीकडे पाहत बसली. घरात कुणीच जेवणाची चव सांगितली नाही.

संध्याकाळी हॉलच्या पडद्यामागे सात वाजून दहा मिनिटांनी पूलवाल्यांनी गिरमिटानं खुंटीत बारीकसं भोक पाडलं आणि दोन पावलं मागे सरकले. स्क्रू सहज आत जावा म्हणून लेकीनं तो जुना स्क्रू साबणावर घासला. पक्केसाहेबांनी गिटार दोन्ही हातांवर आडवी धरली होती. स्क्रूड्रायव्हर त्यांनी मागितला नाही, तिनंही दिला नाही. तिनं हलक्या हातानं, थांबत थांबत, स्वतःच स्क्रू बसवला, पट्टा अडकवला आणि तो गळ्यात घातला.

"सोडा आता," ती म्हणाली.

"मी खालून नुसता हात ठेवतो."

"बाबा, तुम्हाला हाताशी धरून स्टेजवर जाऊ का? सोडा."

त्यांनी सोडली. पाच किलो वजन त्या एका खुंटीवर आलं. लेकीनं एकदा उडी मारून पाहिलं, दुसऱ्यांदा मारली, आणि मग ती दिव्यांत निघून गेली.

दोन तास पक्केसाहेब पडद्याच्या कडेला उभे राहिले. लेक कसं वाजवते हे ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यांनी त्यातलं काहीही ऐकलं नाही. त्यांचे डोळे त्या पितळी बटणावरून हलले नाहीत. बाहेर आल्यावर तिनं घाम पुसत विचारलं, "कसं झालं?"

"हललं नाही," पक्केसाहेब म्हणाले.

लेक सकाळनंतर पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. घामानं त्यांचा सदरा ओला झाला. त्यांनी तो नंतर दोन दिवस धुवायला टाकला नाही.

पण रविवारी तिनं गिटार पिशवीत भरली ती बरोबर न्यायला. "चीर पसरायच्या आत नीट करून घ्यायला हवी. तिकडं एक चांगला कारागीर आहे," ती म्हणाली. यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच पक्केसाहेबांना त्यावर हरकत घेता येईना. ओझं त्यांनीच खाली नेलं. गाडी हलली तेव्हा "परत कधी?" हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ज्याच्यामुळे वस्तू गेली त्यानं तारीख विचारू नये, असं त्यांना वाटलं.

पुढचा महिना तसाच गेला. तिकडच्या चमूबरोबर ती वाजवू लागल्याचं फोनवर कळलं. वाद्यांच्या दुकानातल्या खिडकीवर साहेबांची काय फजिती झाली, तेही बायकोनं त्याच फोनवर तिला सांगून टाकलं. कपाटातल्या रिकाम्या जागेत बायकोनं पांघरुणं ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी कुणी काही न बोलता ती पुन्हा काढली. खिडकीवर मात्र एक बदल झाला. आईसाठी, बहिणीसाठी कागद घेऊन कुणी आलं, की पक्केसाहेब आधी "बसा" म्हणू लागले, आणि मग नियम सांगू लागले. नियम तोच होता, पण लोक बसून ऐकत.

त्यानंतरच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी बेल वाजली. पक्केसाहेबांनी दार उघडलं. लेक उभी होती, एका हातात छोटी पिशवी. त्यांनी तिच्या पाठीमागे पाहिलं, जिन्यात वाकून पाहिलं.

"गिटार कुठंय?"

"तिकडं. मैत्रिणीकडे."

"मग आज कार्यक्रम?"

"नाहीये."

"पुढच्या आठवड्यात आहे का?"

"इकडं आता काहीच नाहीये, बाबा."

"मग तू कशाला आलीस?" पक्केसाहेबांनी विचारलं. आतून बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"तुमच्याकडे आले," लेक म्हणाली. "आत येऊ, का अधिकारपत्र लागेल?"

पक्केसाहेब दारातून बाजूला झाले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. तिच्यात काहीच वजन नव्हतं.